आपली खातेवही, आपला सर्व्हर : फ्रॅपे बसविताना घ्यावयाची खबरदारी

वर्धा जिल्ह्यात कापडाचा धंदा बराचसा उधारीवर चालतो. जूनमध्ये शाळेचे कपडे जातात, पुढे सणासुदीची खरेदी होते. पण पैसा हाती येतो तो दिवाळीनंतर, हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या बाजारात कापूस विकला गेल्यावर. मधल्या काळात व्यापाऱ्याजवळ असते ती केवळ नोंद. या नोंदीत आपले येणे असते, तसे शिंपी आणि इतर कारागिरांचे देणेही असते. म्हणून ही नोंद आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात ही अमानत आमच्या हातून गेली. दुकानातल्या संगणकावर हिशेबाची नवी व्यवस्था आम्ही एका ओळखीच्या तरुणाकडून घाईने बसवून घेतली होती. वीज सारखी ये-जा करीत होती. एके दिवशी हार्ड डिस्क बंद पडली. बॅकअप रोज निघत होता, पण तो त्याच डिस्कवर ठेवला जात होता! काही गिऱ्हाइकांनी स्वतः येऊन आपले देणे सांगितले. जे बुडाले ते आमचे बुडाले. परंतु कारागिरांची मजुरी किती बाकी होती हे त्यांनाच विचारावे लागले, याची शरम अधिक वाटली. चूक आमचीच होती. बसविणाऱ्याला काय विचारावे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. त्यानंतर जे शिकलो ते व्यापारी बांधवांसाठी येथे क्रमाने मांडीत आहोत.

फ्रॅपे म्हणजे काय?

फ्रॅपे हा मुंबईत तयार झालेला फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅम उभारण्याची तयार चौकट आहे. दुकानात मांडण्या, गल्ला आणि कुलूप आधीच बसविलेले असावे, मग त्यात कापड ठेवा की भांडी, तसाच हा प्रकार. याच चौकटीवर ईआरपीनेक्स्ट हा हिशेब, साठा व खरेदी-विक्रीचा प्रोग्रॅम उभा आहे. त्याचे जनक रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाची गरज म्हणून हे काम सुरू केले. म्हणजे याची सुरुवात व्यापाऱ्याच्या घरातच झाली.

दोन्ही मुक्त स्रोत आहेत. मूळ प्रोग्रॅम कोणीही पाहू शकतो, वापरू शकतो, बदलू शकतो. परवान्याची फी नाही. मात्र सर्व्हरचे भाडे, बसविणाऱ्याची मजुरी आणि देखभाल यांना पैसे लागतात. 'फुकट आहे' असे समजून कामाला लागू नये.

बसविण्याचा क्रम

१. जागा : वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, विजेचा भरवसा नसतो. म्हणून दुकानातल्या यंत्रापेक्षा भाड्याचा सर्व्हर बरा. निदान ४ जीबी मेमरी घ्यावी. सर्व्हरचे खाते मालकाच्या नावावर आणि मालकाच्याच फोन नंबरवर असावे, बसविणाऱ्याच्या नव्हे.

२. स्वतंत्र वापरकर्ता : सर्व्हरवर 'रूट' हा सर्वाधिकारी असतो. त्याच्या नावाने फ्रॅपे चालवू नये; वेगळा वापरकर्ता करावा. तिजोरीची किल्ली नोकराच्या हाती कोणी देत नाही.

३. आधीचे सामान : पायथन, नोड, रेडिस आणि मारियाडीबी हा डेटाबेस लागतो. २०२३ साली आलेल्या १५ व्या आवृत्तीला पायथन ३.१०, नोड १८ आणि मारियाडीबी १०.६ किंवा त्यापुढचे लागते. इतर आवृत्त्यांच्या अटी निराळ्या आहेत, त्या आधी वाचाव्यात. डेटाबेसची अक्षरव्यवस्था 'यूटीएफ-८ एमबी-४' हीच ठेवावी, म्हणजे मराठी व उर्दू नावे नीट राहतील.

४. बेंच : सुताराच्या बाकड्यावर सारी हत्यारे असतात, तसे फ्रॅपेचे 'बेंच' हे साधन आहे. 'बेंच इनिट'ने चौकट येते, 'बेंच न्यू-साइट'ने आपले खाते उघडते, 'बेंच गेट-ॲप'ने ईआरपीनेक्स्ट आणले जाते आणि 'इन्स्टॉल-ॲप'ने ते आपल्या साइटवर बसते. जीएसटीसाठी 'इंडिया कम्प्लायन्स' हे ॲप १४ व्या आवृत्तीपासून वेगळे बसवावे लागते.

५. कायमची चालना : 'बेंच स्टार्ट' म्हटले की पडद्यावर सारे दिसू लागते आणि आपण खूश होतो. पण ती खिडकी बंद केली की कामही बंद! ही केवळ चाचणी समजावी. रोजच्या वापरासाठी 'बेंच सेटअप प्रॉडक्शन' करावे. त्याने एन्जिनएक्स आणि सुपरवायझर जोडले जातात व सर्व्हर पुन्हा सुरू झाला तरी काम आपोआप चालू होते. त्यानंतर लेट्स एनक्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र घेऊन पत्ता सुरक्षित करावा.

बॅकअपची परीक्षा

आम्ही फसलो ते येथे. 'बेंच बॅकअप' करताना 'विथ-फाइल्स' जोडावे, म्हणजे बिलांची चित्रेही येतील. साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक गुप्त किल्ली असते. तिच्याशिवाय जतन केलेले पासवर्ड परत उघडत नाहीत. ती फाइलही जपावी. हे सारे दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या यंत्रावर ठेवावे. महिन्यातून एकदा तो बॅकअप रिकाम्या साइटवर उतरवून एखाद्या गिऱ्हाइकाचे खाते आणि एका कारागिराची बाकी जुळते का, हे पाहावे. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्यावर भरवसा ठेवू नये.

प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतः सर्व्हर बसवावा असे आमचे म्हणणे नाही. काम जाणकारालाच द्यावे. मात्र मजुरी चुकती करण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत : सर्व्हरचे खाते कोणाच्या नावावर आहे? बॅकअप कोठे जातो? तो परत उतरवून दाखवाल का? तिन्ही उत्तरे समोर बसून मिळाली, तरच काम पुरे झाले असे समजावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. लिहिलेले टिकवून ठेवणे ही त्यापुढची जबाबदारी आहे.