दमसासाचे खेळ आणि पालकत्व : अर्धशक्तीच्या मात्रेचा विचार

प्रस्तावना

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 कि.मी.ची सायकल शर्यत 12 दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. दीर्घ पल्ल्याचे खेळ आता विदर्भाला परके राहिलेले नाहीत. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी धावण्यास आणखी एक कारण असते, ते नोकरीचे. वनरक्षक भरतीत पुरुषांना 5 कि.मी. व महिलांना 3 कि.मी. धावावे लागते, पुढे 4 तासांत अनुक्रमे 25 व 16 कि.मी. चालण्याची चाचणी असते. ही तयारी करणाऱ्यांमध्ये तान्ह्या मुलांचे आईवडीलही असतात. रात्री बाळासाठी जागणे आणि पहाटे 4 वाजता मैदान गाठणे हा क्रम महिनोन्‌महिने चालतो. थकवा, अंगमर्द, अग्निमांद्य, चिडचिड अशा तक्रारी घेऊन असे पालक आले असता केवळ बल्य कल्प देऊन भागत नाही.

हेतू व संप्राप्ती

व्यायाम अर्धशक्तीपर्यंत करावा, हा संहितांचा दंडक सर्वश्रुत आहे. काख, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणे आणि मुखशोष ही अर्धशक्तीची लक्षणे होत. येथील ‘शक्ती’ म्हणजे त्या दिवशीची शक्ती, ही गोष्ट मात्र विसरली जाते. सरावाच्या तक्त्यातील किलोमीटर ठरलेले असतात. बल मात्र रोज बदलते. रात्रिजागरण रूक्ष व वातवर्धक आहे. अतिव्यायामानेही वातप्रकोप व धातुक्षय होतो. हे दोन हेतू एकत्र आले की चरकाचार्यांनी सांगितलेले अतिव्यायामाचे श्रम, क्लम, तृष्णा, कास, ज्वर इत्यादी उपद्रव अल्प व्यायामानेही दिसू लागतात. रुग्ण म्हणतो, “पूर्वी एवढे धावून काहीच होत नसे.” त्याचे म्हणणे खरे असते, अंतर तेच राहिले, बल उणावले.

चिकित्सासूत्र

1) निद्रा : जागरण जितके झाले, त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असा वाग्भटाचार्यांचा उपदेश आहे. दोन तास जागरण झाल्यास सकाळी एक तास झोप घ्यावी, आणि ती धावण्याच्या वेळेतून घ्यावी. पतिपत्नींनी रात्री वाटून घ्याव्यात. ज्याच्या वाट्याला जागरण, त्याने दुसऱ्या दिवशी केवळ चालावे.

2) सूतिका : दीड महिन्याचा सूतिकाकाल विश्रांतीचा आहे, तो संपला म्हणजे धावण्याची मुभा मिळाली, असे समजू नये. ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शिकेतही प्रसूतीनंतर किमान 3 महिने धावणे टाळण्यास सांगितले आहे. धावताना मूत्र न आवरणे अथवा योनिस्थानी जडपणा ही लक्षणे असल्यास प्रथम तपासणी करावी.

3) स्तन्य : स्तन्य हा रसाचा उपधातू. स्तन्यनाशाच्या हेतूंमध्ये अष्टांगहृदयात शोक व क्रोधासह लंघन आणि आयास यांची गणना आहे. जानेवारी 2019 मध्ये जास्मिन पॅरिस यांनी ब्रिटनमधील 268 मैलांची ‘स्पाइन रेस’ 83 तास 12 मिनिटांत जिंकली. त्यांची मुलगी तेव्हा 14 महिन्यांची होती आणि वाटेतील थांब्यांवर त्या दूध काढत होत्या. असे उदाहरण आदर्श म्हणून सर्वांपुढे ठेवण्याजोगे नाही. परंतु आयास आणि स्तन्य यांचा विरोध अटळ नाही, एवढे त्यावरून कळते. विशेष घातक ठरते ती आयासाला लंघनाची जोड. वजन उतरवण्यासाठी उपाशी धावणाऱ्या मातेस शतावरी कल्प देण्यापूर्वी दूध, तूप व पुरेसे अन्न सुरू करावे. बाळाला पाजूनच मैदानावर जावे.

4) औषधविक्रेत्यांसाठी : थकलेला खेळाडू ताकदीचे औषध मागतो. कुचल्यातील स्ट्रिक्नीन, सोमकल्पातील एफेड्रिन आणि भांगेतील मादक द्रव्य ही स्पर्धाकाळात उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांमध्ये कुचला असतो. स्पर्धेत उतरणाऱ्यास हे कल्प देण्यापूर्वी त्याची स्पष्ट कल्पना द्यावी.

उपसंहार

भरतीची अथवा शर्यतीची तारीख पालकांच्या हाती नसते, आणि बाळाची भूक तर घड्याळही जाणत नाही. हाती राहते ती व्यायामाची मात्रा. ती ठरवताना, काल किती धावलात यापूर्वी काल रात्री किती झोपलात, हे वैद्याने विचारावे.