पेट्रोल वाचतं, पैसा वाचेलच असं नाही

"सायकलीनं महिन्याला किती सुटतात हो?" सदलग्यात हा प्रश्न मला बँकेच्या रांगेतही विचारला जातो आणि देवळाच्या पायरीवरही. विचारणाऱ्याला हजाराच्या वरचा आकडा ऐकायचा असतो. मी पतसंस्थेत खतावण्या लिहिण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्यामुळं आकडा फुगवून सांगणं जमत नाही. वजावट सांगायला लागलो की विचारणारा घड्याळ बघतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

नोकरी बेडकिहाळच्या बाजूला. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर धरा. घरात एक शंभर सीसीची मोटारसायकल आणि एक जुनी, छोटी कार. मोटारसायकल लिटरला पंचावन्न देते. पेट्रोल १०३ रुपये धरलं तर दिवसाला चौतीस रुपये आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरून साडेआठशेच्या आतच. कारनं गेलं तर अठरा किलोमीटरला एक लिटर, म्हणजे रोजचे १०३. इथंच पहिली गोम आहे. कारशी तुलना केली तर सायकल राजा दिसते, मोटारसायकलशी केली तर कारकून. आपल्या भागात रोज कामावर कारनं जाणारा विरळाच, तरी सायकलीची बचत सांगताना लोक कारचाच आकडा सांगतात. शहरातल्या माणसाचा हिशेब आपल्या गावात आणू नये. तिथं सिग्नलला उभं राहून पेट्रोल जळतं आणि पार्किंगचेही पैसे पडतात. इथं तेही कोण घेतंय! वर आपल्याकडं कर्नाटकात पेट्रोल दूधगंगेपलीकडच्या महाराष्ट्रापेक्षा रुपया-दोन रुपयांनी स्वस्त. दत्तवाड, कुरुंदवाडकडची माणसं टाकी भरायला अलीकडं येतात.

आता महिन्याचे साडेआठशे म्हणजे वर्षाचे दहा हजार, असा गुणाकार लगेच केला जातो. तो चुकतो. आषाढात वारं पश्चिमेकडनं येतं, सकाळी जाताना ते छातीवर घ्यावं लागतं आणि त्यात पाऊस. दूधगंगेला पाणी चढलं की मलिकवाड-दत्तवाडचा पूल बुडतो, तिकडं कारदगा-भोजचा बुडतो, माणसं आणि वाहनं उरलेल्या रस्त्यांवर लोटतात आणि त्या गर्दीत सायकलवाल्याला जागा राहत नाही. एप्रिल-मे महिन्यात सकाळी जाणं जमतं, दुपारचं परतणं जमत नाही. लग्न, रुग्णाला बघायला जाणं, वाटेत जनावरांची पेंड घेणं, असे दिवस वेगळेच. सगळं वजा जाता वर्षाचे सहा-साडेसहा महिने सायकल खरोखर चालते. त्याचं पेट्रोल साडेपाच हजार. इंजिन ऑइल, टायर, चेनसेटची झीज किलोमीटरला पंचेचाळीस पैसे धरली तर आणखी तेराशे. म्हणजे जमेच्या बाजूला पावणेसात हजार.

खर्चाच्या बाजूला सायकलही खाते. बाभळीचा काटा गीअरची सायकल आणि काळी सायकल यात भेद करत नाही. ट्यूब, ब्रेकच्या गुट्ट्या, चेन, वर्षातनं एक ओव्हरऑइलिंग, छर्रे बदलणं, रिमचा आउट काढणं, हे सगळं मिळून वर्षाला दोन हजार जातात. हा आकडा मला जास्त वाटायचा. पण केंद्र सरकारनं सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये टपाल आणि रेल्वेतल्या सायकलवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा सायकल भत्ता महिना ९० वरून १८० रुपये केला, तो वर्षाला २,१६० होतो. सरकारचा आणि माझा हिशेब जुळलेला मी नोकरीत फारसा बघितलेला नाही, इथं जुळला.

तेव्हा वर्षाला हातात राहतात पावणेपाच हजारांच्या आसपास. गीअरची सायकल सोळा हजारांना, वर हेल्मेट, पुढं-मागं दिवे, कुलूप, पंप यांचे अडीच हजार. साडेअठरा हजार फिटायला चार वर्षं लागतात. तीच काळी, बिनगीअरची, कॅरिअरवाली सायकल दिवे-कुलपासकट आठ हजारांत होते आणि पावणेदोन वर्षांत फिटते. आपला रस्ता सपाट आहे. गीअर लागतो तो घाटात, आणि सदलगा-बेडकिहाळमध्ये घाट नाही. पैसे वाचवायला सायकल घेणाऱ्यानं दुकानात पहिली ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दुकानदार ती सांगणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्याचा फार गाजावाजा झाला. पण त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा २८ वरून १८ वर आला. ऐंशी हजारांच्या मोटारसायकलीवर त्यानं सव्वासहा हजार कमी होतात. म्हणजे मोटारसायकल जेवढ्यानं उतरली तेवढ्यात एक साधी सायकल बसते. सरकारनं कुणाला किती ढकललं ते यावरनं समजून घ्या.

आता पोटाचं. अठरा किलोमीटरला चारशे-पाचशे कॅलरी जातात, साधारण दोन भाकऱ्या. घरच्या दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी धरली तर हा खर्च नावालाच. पण भूक घरी लागत नाही, ती कामावर पोचल्यावर लागते. समोर गाडा असतो, गरम भजी असतात, मिसळ असते. एक प्लेट आणि चहा म्हणजे पन्नास-साठ रुपये. दिवसाचं पेट्रोल चौतीस रुपयांचं. ज्या दिवशी गाड्यावर थांबलो त्या दिवशी सायकल तोट्यात गेली, वजनही उतरलं नाही. सायकल घेणाऱ्यांपैकी निम्म्यांची बचत या गाड्यावर संपते असं माझं निरीक्षण आहे, आणि हे कुणी घरी सांगत नाही. डबा बांधून घ्या. एक जादा शर्ट कामाच्या ठिकाणी ठेवा, नाहीतर घामाचा शर्ट दिवसभर अंगावर आणि त्याचा वास सहकाऱ्यांच्या नाकात.

एवढ्यावर हिशेब मिटला असता. पण खरी गळती मला वर्षभरानं दिसली आणि ती सायकलीत नव्हती, अंगणात उभ्या असलेल्या दोन गाड्यांत होती. सायकल चालवल्यानं गाडीचं पेट्रोल थांबतं, गाडी थांबत नाही. मोटारसायकलचा थर्ड पार्टी विमा ७१४ रुपये, छोट्या कारचा २,०९४, दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. गाडी चालवा नाहीतर न चालवा, हा भरावाच लागतो. उलट न चालवलेली गाडी जास्त मागते. पावसाळ्यात कार उभी राहिली तर बॅटरी उतरली. उंदरांनी बॉनेटखाली घर केलं आणि वायरी कुरतडल्या. गॅरेजवाल्यानं वायरिंगचं बिल हातात दिलं तेव्हा माझी सहा महिन्यांची सायकलवरची कमाई त्या एका कागदात गेली. टायर एका जागी उभे राहून चिरले ते वेगळं.

कार विकली. बचत झाली ती तिथं. विमा, धुराचं प्रमाणपत्र, सर्व्हिसिंग, बॅटरी, वर्षागणिक उतरणारी किंमत, सगळं एका दिवसात बंद. आता दवाखान्याला किंवा लग्नाला चार माणसं जायची असली तर गाडी भाड्यानं सांगतो, एकट्याला निपाणीला जायचं असलं तर बस नाहीतर वडाप. वर्षातनं आठ-दहा वेळा भाडं दिलं तरी कारच्या खर्चाच्या निम्मंही होत नाही. यात सायकलीचं काम एवढंच की, कारशिवाय दिवस निघतो ही खात्री तिनं पटवली. खात्री पटवायला सोळा हजारांची सायकल लागत नाही, भावाची जुनी चालते.

बायकांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तो सायकलीच्या बाजूनं लागत नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमधनं राज्यात फुकट प्रवास आहे. माझी बायको चिकोडीला ये-जा करते, तिला तिकीट शून्य रुपयाचं मिळतं. शून्याच्या खाली सायकल जाऊ शकत नाही. नदीपलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तिथं थोडाफार हिशेब उरतो. इकडच्या बाईला सायकल घ्यायची असेल तर बस वेळेवर येत नाही म्हणून घ्यावी, भरलेल्या बसच्या दांडीला लोंबकळायचं नाही म्हणून घ्यावी, पैशासाठी नको. तरुण मुली सायकल घेत नाहीत याचं मात्र वाईट वाटतं. २००६-०७ पासून कर्नाटकात आठवीच्या मुलांना सरकारी सायकली मिळायला लागल्या, त्यावर आजूबाजूच्या वाड्यांतल्या पोरी घोळक्यानं शाळेला यायच्या. करोनाच्या काळात वाटप थांबलं. त्यातल्या कित्येक सायकली आता बापाच्या वैरणीच्या भाऱ्याखाली दिसतात.

इलेक्ट्रिक स्कूटरचंही लोक विचारतात. शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट वीज, म्हणजे रोजचा खर्च पाच रुपयांच्याही आत. गृहज्योती योजनेत घरगुती वीज २०० युनिटपर्यंत फुकट असल्यानं स्कूटरही फुकटात पळेल असं काहींना वाटतं. नीट बघा: फुकट मिळते ती तुमची आधीची सरासरी आणि वर साधारण दहा टक्के एवढीच, त्यापुढच्या युनिटचे पैसे पडतात. तरीही चालवायचा खर्च सायकलीच्या देखभालीएवढाच येतो. अडचण किमतीची. लाखाच्या घरातली वस्तू चौतीस रुपये रोजानं फिटायला जन्म जाईल.

आमच्या गावात हा वाद घालताना मला कधीकधी हसू येतं. आचार्य विद्यासागर महाराज १९४६ मध्ये याच सदलग्यात जन्मले. १९६८ मध्ये अजमेरला मुनिदीक्षा घेतली आणि पुढं पाच दशकांहून जास्त देशभर पायी फिरले. वाहन नाही, पायात काही नाही. त्या गावात आम्ही नऊ किलोमीटरला चारचाकी काढायची की दुचाकी यावर भांडतो. असो.

जिवाचं आता सांगतो, कारण तो खर्च कुठल्याच खतावणीत आधी दिसत नाही. कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की नोव्हेंबरपासून रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा होतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला की मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही, सायकलीची घंटी तर दूरच. डिसेंबरात संध्याकाळी परतताना एक ट्रॅक्टर दुसऱ्याला मागं टाकत समोरनं आला. मी डांबर सोडून बाजूपट्टीवर उतरलो. डांबराची कड तिथं वीतभर उंच होती, खाली चिपाडं पडलेली. चाक घसरलं आणि डाव्या मनगटाला प्लास्टर. एक्स-रे, प्लास्टर, औषधं, वर बिनपगारी रजा. वर्षभराची शिल्लक गेली. माझ्या सायकलीचा विमा नव्हता, माझ्या अंगाचा अपघात विमाही नव्हता. वर्षाला काही शे रुपयांत वैयक्तिक अपघात विमा मिळतो, तो सायकलीआधी काढा. हंगामात अंधार पडायच्या आत घरी या, ते जमत नसेल तर त्या महिन्यांत बसनं जा. मागचा लाल दिवा लुकलुकणारा घ्या आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला, लोक हसले तरी. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम हंगामाच्या सुरुवातीला होतात, फोटोही छापून येतात. चिखल बसला की दोन आठवड्यांत ते दिसेनासे होतात. ट्रॅक्टरमालकांनो, फडातनं बाहेर पडताना मागच्या पट्टीवरनं एक ओला बोळा फिरवा, त्याला पैसे पडत नाहीत.

मग सायकल कुणी घ्यावी? ज्याचं काम पाच-सात किलोमीटरच्या आत आहे आणि ज्याच्या दारात अजून गाडी नाही, त्यानं डोळे मिटून घ्यावी, काळी, बिनगीअरची. ज्याच्या दारात दोन गाड्या आहेत त्यानं एक विकायची तयारी असेल तर घ्यावी. ज्याला दोन्ही ठेवून वर सायकल हवी आहे, त्यानं तब्येतीसाठी घेतली म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझा रक्तदाब खाली आला हेही मी सांगतो, पण बचतीच्या खात्यात लिहीत नाही.

आणि ज्या घरात आता कॉलेजच्या पोरासाठी दुसरी मोटारसायकल घ्यायची बोलणी चालली आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिलं. त्या गाडीचा महिन्याचा हप्ता अडीच-तीन हजार पडतो, तीन वर्षं. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा भरावा लागतो, तो शंभर-सव्वाशे सीसीला ३,८५१ आणि वर कर. पेट्रोल त्यानंतर. कॉलेज निपाणीला असलं तरी बसचा पास आणि स्टँडपर्यंत आठ हजारांची सायकल एवढ्यावर भागतं. शोरूममध्ये सही करायच्या आधी एक महिना पोराला असं पाठवून बघा. काही विचारायचं असलं तर त्या महिन्यात माझ्याकडं या, हप्ता सुरू झाल्यावर मला सांगण्यासारखं काही राहत नाही.