बालकाचे शरीर, बुद्धी व अंतःकरण

पाठाचा हेतू : बालकाच्या शिक्षणात ह्या तिहींची निगा एकत्र का राखावी, हे समजून घेणे व आपल्या घरी ते आचरणात आणणे.

प्रिय वाचकहो, आपण बालकास शाळेत पाठवितो, तेव्हा कोणाला पाठवितो? दप्तर घेऊन जाते ते केवळ डोके नव्हे. त्याच्याबरोबर त्याचे पोट जाते, डोळे जातात, हात जातात, आणि मान-अपमान जाणणारे अंतःकरणही जाते. लूककृत शुभवर्तमानात येशूच्या बाळपणाविषयी सांगताना ज्ञानाची वाढ व शरीराची वाढ ह्या एकत्रच सांगितल्या आहेत. त्या एकमेकींपासून तोडल्या म्हणजे काय होते, ते आज पाहू.

१. माझ्या हातून घडलेली चूक

येवले हे पैठणीचे गाव. येथील पुष्कळ घरांत माग आहे, आणि मुले त्याच्या आवाजातच लहानाची मोठी होतात. काही वर्षांपूर्वी रविवारच्या शाळेत मी फळ्यावर वचन लिहून मुलांकडून वाचवून घेत असे. दहा वर्षांचा एक मुलगा नेहमी अडखळे. मी त्यास मंदबुद्धी समजलो, व एके दिवशी सर्वांसमक्ष मागे उभे केले. पुढच्या रविवारी तो आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. बाप मागावर बसला होता, आणि मुलगा शेजारी बसून रंगीत रेशमाच्या कांड्या निवडून देत होता. पैठणीच्या पदरावरील नक्षीत प्रत्येक रंगाचा धागा निराळा चालवावा लागतो, व दोन रंग जेथे भेटतात तेथे ते एकमेकांत अडकवावे लागतात. मोजणी चुकली की मोर बिघडतो.

बाप म्हणाला, "पाळकसाहेब, धागे मोजण्यात हा कधी चुकत नाही. पण दारात कोण उभे आहे, ते मात्र जवळ गेल्यावाचून ह्याला ओळखू येत नाही."

हे ऐकून मी खजील झालो. मुलाचे डोळे सरकारी दवाखान्यात तपासून घेतले. त्यास चष्मा लागला. फळ्यावरचे वचन तो त्याच आठवड्यात वाचू लागला. परंतु माझ्यासमोर मान वर करून बोलण्यास त्यास कित्येक महिने लागले. दोष डोळ्यांचा, ठपका बुद्धीवर, आणि घाव अंतःकरणास! मी त्याची जीभ तेवढी पाहिली, बापाने बोटे पाहिली. संपूर्ण मुलगा कोणीच पाहिला नव्हता.

२. तहान व तरटाचा तुकडा

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या घोषणेमागील दुःखाची सुरुवात त्यांच्या बालपणापर्यंत मागे जाते. साताऱ्यास शाळेत असताना त्यांस इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्यांस मनाई होती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानेलेच राहावे लागे.

त्या शाळेने त्यांच्या बुद्धीस धडे दिले ह्यात संशय नाही. परंतु शरीर तहानेले ठेवले, आणि अंतःकरणास तू इतरांहून हलका आहेस असे रोज शिकविले. हेही शिक्षणच होय, पण विषारी शिक्षण. अशा अपमानातूनही ते विद्वान झाले, हा त्यांचा पराक्रम. शाळेचे श्रेय नव्हे. किती बालके त्या तरटावरच खचून गेली असतील, त्यांची गणती कोणी ठेवली?

३. हात आणि डोके

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली व डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण, आणि त्याच्या मध्यभागी एखादा हस्तोद्योग, असा हा विचार होता. तोच पुढे नयी तालीम ह्या नावाने प्रसिद्ध झाला. सूत कातता कातता मुलाने गणित, कापसाची शेती व देशाचा इतिहास शिकावा, असा त्याचा आशय.

उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा, अशीही अपेक्षा होती. म्हणून मुले विद्यार्थी न राहता मजूर होतील, अशी भीती तेव्हाच कित्येकांनी बोलून दाखविली. ती शंका विणकर घरांनी आजही ध्यानात ठेवावी. माग हा उत्तम शिक्षक आहे. परंतु जो माग शाळेची वेळ, खेळ व झोप खातो, तो शिक्षक नव्हे. २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्यानेही १४ वर्षांखालील मुलास कामास लावणे मना केले आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर वा सुटीत मदत करण्याची मुभा आहे. तीही काम धोक्याचे नसेल व शिक्षणास बाध येत नसेल तरच.

४. अंगणात गेलेली शाळा

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालके शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविली. आधी मुलांचे अंग व केस स्वच्छ करावयाचे, मग गाणी, खेळ व मोजणी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने व बिया पुरत. ज्या हाताने नखे कापली, त्याच हाताने अक्षर गिरवून घेतले. बालकास वाटे, मी येथे कोणास हवा आहे. ही भावना असली म्हणजे शिकण्यास अर्धे बळ आपोआप येते.

५. आपले कर्तव्य

मंडळींनो, ह्या कामास पैशांपेक्षा लक्ष अधिक लागते. मूल अभ्यासात मागे पडले, तर रागावण्यापूर्वी त्याचे डोळे, कान व पोट ह्यांची विचारपूस करा. त्यास रोज धावण्या-खेळण्याची मोकळीक द्या. घरच्या धंद्यातील एखादी गोष्ट त्यास शिकवा, आणि ती अशीच का करावयाची तेही सांगा. त्याची चूक एकांतात दाखवा. चांगले काम चारचौघांत सांगा. मुलीसही हे सर्व मुलाइतकेच द्या.

पैठणीत उभे धागे निराळे व आडवे निराळे, पण वस्त्र एकच. एक धागा ओढला तर सगळे आकसते. बालकाचेही तसेच आहे.

विचारार्थ प्रश्न

(१) आपल्या मंडळीत मंद म्हणून बाजूस ठेवलेले एखादे मूल आहे काय? त्याची खरी अडचण कोणी विचारली आहे काय?
(२) आपल्या घरी मुलाच्या कामास, अभ्यासास व खेळास रोज किती वेळ मिळतो?
(३) कोणत्याही मुलास निराळ्या तरटावर बसविल्यासारखे आपले वागणे कोठे होते काय?