बाभूळ : एका काटेरी झाडाचे नामांतर

वऱ्हाडात बाभळीची ओळख करून द्यावी लागू नये. अकोल्याजवळच्या बाभूळगावच्या नावातच ती उभी आहे. तरीही वर्गात ‘बाभूळ दाखवा’ म्हटले, की अलीकडे बरीच मुले वेड्या बाभळीकडे बोट करतात. ती अमेरिका खंडातून आणलेली, निराळ्याच वंशाची. आपली बाभूळ पिवळ्या गोंड्यांची, पांढऱ्या जोडकाट्यांची आणि मणी ओवल्यासारख्या करड्या शेंगांची. सरळ उंच वाढणारी रामकाठी ही तिचीच एक जात.

हे झाड जितके आपले, तितकेच आफ्रिकेचे. नाईल नदीच्या खोऱ्यापासून वऱ्हाडच्या काळ्या मातीपर्यंत त्याचा निसर्गतः पसारा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याने इजिप्तमधील या काटेरी झाडाला ‘अकाकिया’ म्हटले. पुढे लिनीअसने १७५३ मध्ये नाईलवरूनच त्याला ‘निलोटिका’ हे नाव दिले. ‘अ‍ॅकेशिया’ हे वंशनाम ज्या झाडावरून रूढ झाले, ते हेच.

परंतु त्या वंशातील जवळपास हजार जाती ऑस्ट्रेलियातल्या. वंशाची विभागणी करण्याची वेळ आली तेव्हा मूळ नाव कोणाकडे राहावे, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद झाला. २००५ साली व्हिएन्ना येथील परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाकडे गेले. २०११ साली मेलबर्नमध्ये तो निर्णय कायम झाला. आपल्या बाभळीच्या वाट्याला ‘व्हॅचेलिया’ हे नाव आले. जॉर्ज हार्वे व्हॅचेल हे मकाव येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचे धर्मोपदेशक होते व त्यांनी चीनमध्ये वनस्पती गोळा केल्या होत्या. म्हणजे ज्या झाडावरून नाव पडले, त्यालाच ते सोडावे लागले, आणि बदल्यात मिळाले कंपनीच्या एका पाद्र्याचे नाव. हजार नावे बदलण्यापेक्षा थोडी बदलणे सोयीचे, हा युक्तिवाद मला समजतो. पटत मात्र नाही. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ चा, हे सोळा वर्षांचे अंतर ज्यांनी सोसले, त्यांना ‘नावात काय आहे?’ असे कोणी विचारू नये.

पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अधिक खटकते ते दुसरेच. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात सरकारने बाभूळबने राखली आणि त्यांची दप्तरात नोंद ठेवली. मात्र ज्यांच्या हातून या झाडाचा उपयोग झाला, त्यांचे ज्ञान त्या दप्तरात क्वचितच आले. बैलगाडीचे आरे आणि वखर, नांगर बाभळीच्या चिवट लाकडाचे. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक तिचा. साल व शेंगा यांतील तुरट द्रव्याने कातडे कमावले जाई. ते काम ज्यांच्यावर लादले गेले, ते समाज गावकुसाबाहेर राहत. त्यांनी कमावलेल्या कातड्याची मोट सवर्णांच्या विहिरीत दिवसभर उतरे, पाणी वर येई, शेत भिजे. कातडे कमावणाऱ्याने मात्र त्याच विहिरीला हात लावायचा नाही! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यामागे अशा असंख्य विहिरी होत्या.

शेंगांविषयी एक गोष्ट पुस्तकाआधी शेळी राखणाऱ्या आयाबायांना ठाऊक होती. बाभळीच्या बियांचे कवच फार टणक. नुसते बी टाकले तर पुष्कळदा रुजत नाही. शेळीने शेंग खाल्ली, बी तिच्या पोटातून बाहेर पडले, की ते चांगले उगवते. शेळ्यांच्या वाड्यातून गोळा केलेले बी पेरण्याची ही रीत पुढे वनखात्यानेही उचलली. बांधावरच्या कितीतरी बाभळी अशा भूमिहीनांच्या शेळ्यांनीच लावलेल्या आहेत. उन्हाळ्यात शेंगा पिकल्या, की आजही काठीला आकडी बांधून त्या पाडल्या जातात आणि खाली शेळ्या माना वर करून थांबलेल्या असतात.