भूगोल घेऊनही आरोग्यक्षेत्रात जाता येतं

बारावीचा निकाल लागला की वाईपासून मिरजेपर्यंत घराघरांत एकच हिशेब मांडला जातो: नीटला गुण पुरले तर मेडिकल, नाही पुरले तर एक वर्ष ड्रॉप, आणि तेही साधलं नाही तर ‘मग करेल काहीतरी बीएस्सी’. या ‘काहीतरी’मध्ये भूगोल आणि संख्याशास्त्र अगदी तळाला. आरोग्यक्षेत्र म्हणजे डॉक्टर, फार तर नर्सिंग नाहीतर फार्मसी, असं आपण धरून चाललो आहोत. पण लसीकरणातला एक मोठा प्रश्न दवाखान्यात बसून सुटत नाही: ज्यांनी लस घेतलेलीच नाही, त्यांना शेजाऱ्यांच्या लसीमुळे किती संरक्षण मिळतं? कोविडच्या काळात हर्ड इम्युनिटी हा शब्द घरोघरी पोचला. ती मोजायची कशी, हे मात्र फारसं कोणी सांगितलं नाही. ती मोजायला नकाशा लागतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा बांगलादेशातल्या मतलबचा आहे. तिथे 1985 मध्ये कॉलऱ्याच्या तोंडावाटे द्यायच्या लसीची मोठी चाचणी झाली. काहींना लस, काहींना निरुपद्रवी पर्यायी डोस. लस मध्यम प्रतीची आहे, असा निष्कर्ष निघाला. वीस वर्षांनी, 2005 मध्ये, मोहम्मद अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच जुनी आकडेवारी जीआयएसच्या, म्हणजे संगणकीय नकाशाच्या, साहाय्याने पुन्हा तपासली. या गटात मायकेल एम्च हे भूगोलाचे प्राध्यापक होते. प्रत्येक वस्तीत किती जणांनी लस घेतली होती, त्यानुसार त्यांनी माणसांचे गट पाडले. सगळ्यात कमी लसीकरण झालेल्या वस्त्यांत, लस न मिळालेल्यांमध्ये कॉलऱ्याचं प्रमाण हजारी 7.01 होतं, सगळ्यात जास्त लसीकरण झालेल्या वस्त्यांत ते हजारी 1.47 वर आलं. या दुसऱ्या गटात लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फारसा फरकच उरला नव्हता. वरवर पाहणारा म्हणेल, इथे लस चाललीच नाही. खरं तर ती इतकी चालली होती, की न घेतलेलेही वाचले. नवी सुई टोचली नाही, नवं रक्त तपासलं नाही. घरं कुठे आहेत एवढंच नीट पाहिलं.

सरासरी काय लपवते, हे आपल्याकडेही दिसतं. गोवर रोखायला साधारण 95 टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. एखाद्या तालुक्यात 95 टक्के भरले, पण उरलेले 5 टक्के एकाच वस्तीत एकवटले, तर कागदावर तालुका सुरक्षित आणि त्या वस्तीत साथ. 2022 मध्ये मुंबईत गोवर आला तेव्हा गोवंडीसारख्या दाट वस्त्यांना त्याची झळ जास्त बसली. वाई तालुक्याचाच विचार करा. कृष्णाकाठची एकमेकांना लागून असलेली गावं वेगळी आणि धोम, बलकवडी धरणांच्या वरच्या अंगाला डोंगरात विखुरलेल्या वाड्या वेगळ्या. त्यात भुईंजच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात. त्या कोपीतल्या बाळाची नोंद बीडकडच्या गावात असते, आणि बाळ मात्र इथे असतं. ते कुठल्या टक्केवारीत धरायचं? हा भूगोलाचाच प्रश्न आहे.

आता आक्षेप. नकाशे काढणारं सॉफ्टवेअर कोणीही पंधरवड्यात शिकेल, उद्या एआयच काढून देईल, मग त्यावर करिअर कसं करायचं? नुसता नकाशा रंगवण्यापुरतं हे म्हणणं मला मान्य आहे. अवघड काम त्याच्या पुढे सुरू होतं. शेजार म्हणजे किती, दोनशे मीटर की अर्धा किलोमीटर? ज्या भागात लसीकरण जास्त तिथे नळाचं पाणीही चांगलं असेल, तर आजार कशाने घटला म्हणायचं? या पेचावरचा उपाय महाराष्ट्रातच करून पाहिला गेला आहे. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडच्या नव्या कॉन्जुगेट लसीची मोहीम घेतली. सरकारी यंत्रणेमार्फत झालेली जगातली ही पहिलीच. पालिकेच्या 22 नागरी आरोग्य केंद्रांची यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, विभागणी झाली आणि पहिल्या टप्प्यात 11 केंद्रांच्या हद्दीत सुमारे 1 लाख 13 हजार मुलांना लस मिळाली. पाणी, उत्पन्न, दाटी यांचा फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटला जावा, म्हणून ही विभागणी. असा आराखडा आखायला डॉक्टर लागतो, तसाच हद्दी आणि आकडे दोन्ही समजणारा माणूसही लागतो. म्हणूनच माझा आग्रह आहे की भूगोल घ्या, पण गणित-संख्याशास्त्र सोडू नका. एकट्या भूगोलाने हे काम होणार नाही.

नोकरीचं काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. मेडिकलसारखी ठरलेली वाट इथे नाही. सुरुवातीची कामं बऱ्याचदा प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात, आणि घरी हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. पण दारं खरी आहेत. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीची एमएस्सी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम हीच संस्था पाहते. पुण्यात विद्यापीठाचा भूगोल विभाग आणि सिंबायोसिस, दोन्हीकडे जिओइन्फर्मेटिक्सची एमएस्सी आहे. पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र जिल्ह्यातल्या वढू परिसरात 2002 पासून 22 गावांतल्या घराघराची आरोग्यविषयक नोंद ठेवतं. अशा ठिकाणी नकाशा वाचता येणारा माणूस लागतो. फी भरण्याआधी मुलाला हे काम आवडतं का, हे फुकटात तपासता येतं. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य चालवते. सुट्टीत आपल्या तालुक्याच्या नकाशावर उपकेंद्रं टाकून प्रत्येक वाडीपासूनचं अंतर मोजायला सांगा. सरळ रेषेतलं नको, कडेवर मूल घेऊन आईला चालावं लागेल त्या वाटेनं.