पाणी नितळ, तरी मासे मेले

चार फुटी टाकी एका दुकानातून घेतली होती, मलावी सरोवरातले सिक्लिड मासे त्याच दुकानातून, आणि "मॅडम, याला हा आरामात पुरतो" असं सांगून टॉप फिल्टरही दुकानदारानेच गळ्यात मारला होता. त्यातले पिवळे लॅब पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले, एकेक करून मरायला लागले, तेव्हा मेलेला मासा पिशवीत घालून मी त्याच्याकडे गेले. पिशवीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. "खाणं जास्त पडलं असणार," म्हणाला आणि निळ्या औषधाची बाटली पुढे सरकवली. खाणं मी चिमटीने मोजून घालते. पाणी तरी तपासा म्हटलं, तर म्हणे, "काचेसारखं पाणी आहे, तपासायचं काय त्यात?"

हे मला अजून खुपतं. सिक्लिड विकायला बसलेल्या माणसाला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही एवढं ठाऊक असायला नको? अमोनिया तपासायचं किट मी दुसरीकडून आणलं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते बघता बघता गर्द हिरवं झालं. मासे माझ्या खाण्याने मेले नव्हते, त्याच्या फिल्टरने मेले होते.

मलावीच्या माशांना पीएच आठच्या आसपास लागतो. आपल्या ठाण्या-मुंबईचं नळाचं पाणी मऊ, म्हणून पीएच वाढवायला आपण टाकीत प्रवाळाचा चुरा घालतो. पण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. शिवाय हे मासे भांडकुदळ. मार एकावरच पडू नये म्हणून ते दाटीने ठेवतात, म्हणजे घाणही जास्त. गप्पींच्या टाकीत निभावणारा फिल्टर इथे निभावत नाही.

फिल्टरच्या खोक्यावर तासाला १२०० लिटर छापलं होतं. मी त्याच्या तोटीखाली १० लिटरची बादली धरली. भरायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला, म्हणजे तासाला ६०० लिटरही नाही. खोक्यावरचा आकडा पंपाला पाणी वर चढवावं लागत नाही आणि मध्ये स्पंज नाही, अशा स्थितीतला असतो. ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत साधारण २५० लिटर पाणी मावतं. सिक्लिडसाठी तासाला त्याच्या आठपट तरी पाणी प्रत्यक्ष फिरायला हवं. बादली लावून मोजा, खोक्यावर जाऊ नका.

नुसता पंप मोठा घेऊनही भागत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर आणि सिरॅमिकच्या रिंगांवर राहतात. त्यांना जागा हवी. माझ्या फिल्टरमध्ये स्पंजची एक पातळ पट्टी होती, आणि तीही "दर आठवड्याला नळाखाली चांगली धुवा" असं त्यानेच बजावलेलं. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. ती निळी बाटली मिथिलीन ब्लूची होती. तिनेही हेच जिवाणू मरतात.

आता माझ्याकडे कॅनिस्टर फिल्टर आहे आणि जोडीला मोठा स्पंज फिल्टर. दोन असले की एक बंद पडला तरी दुसरा चालतो. वीज बराच वेळ गेली तर कॅनिस्टरमधलं पाणी कुजतं. ते ओतून दिल्याशिवाय तो सुरू करू नका. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. नायट्रेट फिल्टरने जात नाही, त्यासाठी दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, क्लोरीन काढूनच. नवी टाकी असेल तर जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरा. ऑस्कर मासा घेत असाल तर दोन इंची पिल्लाकडे बघून फिल्टर निवडू नका, तो फूटभर वाढतो.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, हा फिल्टर तासाला प्रत्यक्षात किती लिटर फिरवतो आणि यात रिंगा किती मावतात. जो सांगू शकत नाही, त्याच्याकडून फिल्टर घेऊ नका, आणि मासेही घेऊ नका.