‘स्कायलाइन’ घ्यावी का?

प्रश्न : पुढची गाडी म्हणून 2001 ची निसान स्कायलाइन आर-34 घ्यायचा विचार आहे. जपानहून आणून देतो, कागद नंतर करू, असं एजंट म्हणतो. पैसे देऊ का? – एक वाचक, विरार

उत्तर : देऊ नका. वापरलेली गाडी आयात करायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्यामुळे ही गाडी तुमच्या नावावर एमएच-48 मध्ये नोंदवली जाणारच नाही. ‘कार्नेट’वर आणू, असं कोणी सांगितलं, तरी कार्नेटवरची गाडी ठरलेल्या मुदतीत परत पाठवावी लागते. ती विकताच येत नाही.

भारतात आधीच नोंदलेली मिळाली, तर सीमाशुल्काची मूळ ‘बिल ऑफ एन्ट्री’ मागा. बॉनेट उघडून चासी क्रमांक स्वतः वाचा. जपानमधल्या गाड्यांवर सतरा अंकी क्रमांक नसतो. आर-34 जीटी-आर असेल, तर ‘बीएनआर34’ आणि पुढे सहा आकडे असतात. कागदावर वेगळंच काही असेल, तर तिथूनच परत फिरा.

वेगाची हौस रास्तच आहे. त्यासाठी निसानने 2016 च्या अखेरीस इथे अधिकृतपणे आणलेली जीटी-आर शोधा. तिला 3.8 लिटरचं ट्विन-टर्बो इंजिन आहे. मात्र ती जमिनीपासून जेमतेम 11 सेंटिमीटर उंच. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं होतं, हे तुम्हाला आठवत असेलच. पार्किंग तळमजल्यावर असेल, तर आधी उंचावरची जागा बघा. विमा घेताना इंजिनचं संरक्षण वेगळं मागून घ्या.